ठाकुर्लीचा दुभाषी

पाळक रणनवरे यांनी फळ्यावर खडूने 'शहाणपण' असे लिहिले आणि मागे वळून पाहिले, तर निम्मी सभा हात वर करून बसली होती.

"हात खाली घ्या," पाळक म्हणाले. "मी अजून काही विचारलेलं नाही."

ठाकुर्लीच्या रेल्वे कॉलनीतल्या ख्रिस्ती मंडळीचा हा वर्ग दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनामंदिरात भरे. पाळक तरुण होते, नुकतेच शिकून आलेले होते. पवित्र आत्मा प्रत्येकाला एखादे तरी कृपादान देतोच, ते ओळखून मंडळीच्या कामी लावायचे, असे त्यांचे म्हणणे होते. कोणाला शिकवण्याचे दान, कोणाला विश्वासाचे, कोणाला आजार बरे करण्याचे. कोणाला अनोळखी भाषेत बोलण्याचे, तर कोणाला त्या बोलण्याचा अर्थ सांगण्याचे. यात लहानमोठे काही नाही, शरीराला डोळा हवा तशी टाचही हवी, असे ते म्हणत. टाच व्हायला अजून कोणी पुढे आले नव्हते.

मंडळीचे सेक्रेटरी गोपीनाथ साळवे रेल्वेच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. त्यांच्या नावापुढे 'कारभार' लिहिले गेले. दवाखान्यातला कंपाउंडर मारुती आढाव याच्यापुढे 'बरे करणे' आले, तेव्हा तो घाबरून उभा राहिला.

"मी नुसता बाटलीवर डोसाच्या पट्ट्या चिकटवतो हो, पाळकसाहेब."

"नम्र आहे," साळवे म्हणाले. "लिहा."

शेवटी पाळकांची नजर मागच्या बाकावर गेली.

"सुमंतराव, तुमचं काय?"

सुमंत भिंगारदिवे उठले. जी.आय.पी. रेल्वेचे रिटायर झालेले गार्ड. कोटाची सगळी बटणे लावलेली.

"मला काही सापडलं नाही."

"शोधा. घरी प्रार्थनेत शोधा."

"शोधतो. खोली लहानच आहे."

लोक हसले. सुमंतरावही हसले आणि खाली बसले. नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने काढलेली; बाकीची माणसे पुढे इंजिनापाशी असतात, हे त्यांना मान्य होते. पण रिटायर झाले, क्वार्टर सोडली, त्याआधी बायको गेली, आणि तो शेवटचा डबा काही सुटला नाही. दाढी घरी करता येत असूनही ते न्हाव्याकडे जात. न्हावी 'मान इकडे करा, काका' म्हणे. तेवढे बोलणे पुढच्या शनिवारपर्यंत पुरवावे लागे.

त्या रविवारी उपासनेत पाळकांनी सर्वांना मोठ्याने प्रार्थना करायला सांगितले आणि आवडाबाई बोलू लागली.

आवडाबाई मंदिर झाडत असे, घंटा वाजवत असे आणि मागच्या खोलीत राहत असे. थोरल्या दुष्काळात कोणीतरी तिला मिशनच्या लापशीच्या रांगेत सोडले होते. तेव्हा ती पाच-सहा वर्षांची असावी. मडमेने नाव ठेवले आवडा. त्यानंतर तिला कोणी नावाखेरीज काही दिले नाही. ती उपासनेला दाराजवळ चटईवर बसे आणि गाण्यातसुद्धा तिचा आवाज येत नसे. आज मात्र डोळे मिटून, मान वर करून, ती एका भलत्याच भाषेत खणखणीत बोलत होती.

बाकीच्या प्रार्थना एकेक करून बंद पडल्या.

"भाषांचं दान!" मारुती पुटपुटला. 'बरे करणे' कोणाच्या लक्षात राहणार नाही, याचा आनंद त्याच्या तोंडावर दिसत होता.

"किंवा बाधा," साळवे म्हणाले. "पाळकसाहेब, नियम काय आहे? अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्यानं सभेत गप्प राहावं, असंच ना? मग यांना बाहेर न्या. वाटलं तर मिशनच्या वृद्धाश्रमाला लिहू. तिकडे बघतील."

दोन बायका उठल्या. त्यांनी आवडाबाईच्या दंडाला धरले. तिचे बोलणे थांबले नाही.

"सोडा त्यांना," सुमंतराव म्हणाले. आपण उभे आहोत, हे त्यांना उशिरा समजले. "मला कळतंय."

सभा वळली. मंदिरातली सगळी तोंडे आपल्याकडे आहेत, हा त्यांचा पहिलाच अनुभव होता.

"त्या म्हणतात," सुमंतराव थांबत थांबत बोलले, "तू मला बसवलंस तिथंच मी बसले आहे. मी हलले नाही. तू कधी येशील?"

"आमेन," पाळक म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मागोमाग सगळी मंडळी आमेन म्हणाली. साळव्यांनी चष्मा पुसला.

सुमंतरावांनी पहिला शब्द तेवढा गाळला होता. तो 'आई' असा होता. ती भाषा कोरकू होती, सातपुड्यातल्या आदिवासींची. खंडव्याला असताना ते खडीच्या गाडीवर होते, आणि गाडीवरचे मजूर सगळे कोरकू. बाजूच्या रुळावर गाडी दिवसदिवस उभी राही. मजुरांशी बोलण्याशिवाय तिथे काही करण्यासारखे नव्हते. हे सगळे एका वाक्यात सांगता आले असते. पण मंडळी त्यांच्याभोवती जमली होती, कोणी हात हातात घेतला होता, आणि ते वाक्य राहून गेले.

बुधवारी फळ्यावर त्यांचे नाव लागले. गुरुवारी साळव्यांकडे मटण झाले. साळवीणबाईंनी आग्रहाने वाढले आणि हळूच विचारले, "आमच्या उत्तराच्या लग्नाचं काही निघालं का हो त्या बोलण्यात?"

"अजून नाही," सुमंतराव म्हणाले. रस्सा फार चांगला झाला होता.

आठवडाभरात त्यांना तीन घरांतून बोलावणी आली. शनिवारी न्हाव्याकडे त्यांना फारसे बोलावेसे वाटले नाही.

न्हाव्याकडून ते मंदिरात गेले. आवडाबाई बाक पुसत होती.

"सलाम, आवडाबाई."

"सलाम, गार्डसाहेब." तिने फडके पिळले. "तुम्हाला आमचं बोलणं येतं."

"थोडं."

"थोडं कसं? बरोबर सांगितलंत की. आई तेवढी खाल्लीत."

सुमंतराव बाकावर बसले. तो ओला होता.

"इतकी वर्षं मराठीत प्रार्थना केलीत. मग आताच हे कसं?"

"देवाला मराठी येतं हो. आईला कुठं येत होतं? मी तर विसरूनच गेलेले. आता म्हातारपणी आपोआप तोंडात यायला लागलं. म्हटलं, आहे तोवर तिच्याशी बोलून घ्यावं."

"मग खोलीत बोला. सभेत कशाला?"

"सभेत सगळे वर बोलत असतात ना. तेव्हा तिकडचं दार उघडं असतं, असं मला वाटतं." ती पुढचा बाक पुसायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "उद्या नका सांगू त्यांना. गेल्या रविवारचं ठीक झालं, बायांनी धरलं होतं मला. पण मधे कोणी ऐकायला असलं की आईपाशी खरं बोलवत नाही."

"मी नाही सांगितलं तर ते तुम्हाला गप्प करतील."

"करू देत. उद्याचा दिवस बोलते. मग हळू बोलेन."

सुमंतराव उठले. मागून कोट भिजला होता.

रविवारी मंदिर भरून गेले. कल्याणहून लोक आले, ठाण्याहून आले. सुमंतरावांना पहिल्या बाकावर, खांबाला लागून जागा ठेवली होती. त्यांच्या एका बाजूला साळव्यांची उत्तरा होती, दुसऱ्या बाजूला ठाण्याचे एक वयस्कर पाळक.

आवडाबाई बराच वेळ बोलली. मधे ती रागावली, मग रडली, मग एकदा चक्क हसली. ती काय बोलली ते सुमंतरावांना शब्दन् शब्द कळले. त्यांनी ते पुढे कधी कोणाला सांगितले नाही; म्हणून ते इथेही नाही.

ती थांबली. पाळकांनी सुमंतरावांकडे हात केला.

ते उठले. कोटाचे वरचे बटण त्यांनी काढले, पुन्हा लावले. उत्तरा त्यांच्याकडे वर बघत होती.

"मला काही कळलं नाही," ते म्हणाले.

"नीट ऐका सुमंतराव. घाई नाही."

"ऐकलं, पाळकसाहेब. नाही कळलं."

ठाण्याचे पाळक सहानुभूतीने म्हणाले की दान कधी कधी काढूनही घेतले जाते. साळव्यांनी नियम पुन्हा वाचला. वृद्धाश्रमाचा विषय मात्र आता कोणी काढला नाही; आवडाबाईने सभेत हळू बोलावे, एवढेच ठरले. बुधवारी पाळकांनी फळ्यावरचे नाव पुसले. फळा जुना होता, पुसलेलेही वाचता येत असे. साळव्यांकडचे पुढच्या गुरुवारचे आमंत्रण राहून गेले, आणि शनिवारी न्हाव्याने विचारले, "काय काका, आज घाई नाही?"

"नाही," सुमंतराव म्हणाले. "मिश्यांचंही बघ."

पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर कोणीतरी मुले बसवली होती. सुमंतराव मागच्या बाकावर, दाराशेजारी बसले. चटई तिथून हातभर अंतरावर होती. प्रार्थना सुरू झाली, सगळे आवाज वर गेले, आणि त्यांच्याखाली आवडाबाई ओठांतल्या ओठांत बोलू लागली. सुमंतरावांनी मान वळवली आणि भाषा न समजणारा माणूस बघतो तसे ते कौलांकडे बघत राहिले.

तिच्या बोलण्यात एकदा 'गार्ड' असा शब्द आला. कोरकूत त्याला दुसरा शब्द नसावा.