रोहितांची मोजदाद

सुभानने बावीस वर्षं यवत ते खुटबाव अशी वडापची जीप चालवली आणि त्या बावीस वर्षांत वाटेवरच्या वाडीच्या तळ्याकडे एकदाही मान वळवली नाही. वाडी त्याचीच, तळंही त्याच्याच घरापासून हाकेवर. पण रस्त्यावर उभा असलेला माणूस सोडून बाकी कशाकडे पाहण्याची वडापवाल्याला सवय नसते.

जीप विकल्यावर डॉक्टरने रोज सकाळी चालायला सांगितलं. चालून जायचं कुठं, म्हणून तो तळ्यावर जायला लागला आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याला रोहित पक्ष्यांनी धरलं. धरलं म्हणजे भुताने धरावं तसं. उंच पायांचे, गुलाबी झाक मारणारे ते पाहुणे पाण्यात माना घालून दिवसभर काहीतरी शोधत असायचे, आणि सुभान बांधावर बसून त्यांना काय सापडलं ते शोधत असायचा. पुण्याहून पक्षी बघायला येणाऱ्या मंडळींपैकी एका कनवाळू गृहस्थाने त्याला जुनी दुर्बीण दिली. तिच्या डाव्या डोळ्यातून फक्त धुकं दिसायचं. सुभानला उजवा पुरत होता.

गेल्या वर्षी मात्र संक्रांत झाली आणि उसाच्या मोटारींनी तळं आठवड्यात ओढून काढलं. एका दुपारी सगळे रोहित उठले आणि गेले. त्यानंतर सुभान घरातच. आठव्या दिवशी बायकोने, रशिदाने, विचारलं, "पक्षी तर गेले, तुम्ही कवा जाणार?" सुभान हसला. मग उठून कोरड्या तळ्याकाठी जाऊन बसला आणि जेवायलाही आला नाही, तेव्हा रशिदाला कळलं की आपण विनोद जरा जास्तच चांगला केला.

म्हणून या वर्षी, सत्त्याण्णवच्या जानेवारीत, तळं उपसू नका म्हणायला तो सरपंचाकडे गेला. सरपंच बाळासो भला माणूस होता. शिवाय मागच्या हिवाळ्यात रोहितांकडे बोट दाखवतानाचा त्याचा फोटो पेपरात आला होता. बोट खरं तर उसात शिरलेल्या म्हशीकडे होतं, पण म्हैस फोटोत आली नव्हती.

"मामा, तीनशे पक्षी भरले तर महाशिवरात्रीपर्यंत मोटारी बंद," बाळासो म्हणाला. "एक जरी कमी भरला, तर सोमवारपास्नं पाणी उसाला."

तीनशेच का, हे कुणी विचारलं नाही. आकडा ठणकावून सांगितला की तो कुठून आला हे आपल्याकडे विचारत नाहीत.

"मी मोजून सांगतो," सुभान म्हणाला.

"तुम्ही नगं. जीपमधी चौदा कोंबून पोलिसाला आठ सांगितलेला माणूस तुम्ही. हरिबा आबा मोजतील."

हरिबाच्या मोजणीला पंचक्रोशीत अपील नव्हतं. मेंढरं विकून त्याला बारा वर्षं झाली होती, पण दोनशेच्या कळपात एक कमी असलं तर तो न मोजता सांगायचा, आणि कुठलं तेही. सुभानला तर आनंदच झाला. मोजणारा आपला मित्र, आणि मोजायचे पक्षी त्याने स्वतः तीनदा मोजून तीनशेबारा काढलेले.

रविवारी उन्हं वर आली तशी तिघे बांधावर जमले. हरिबाने दुर्बिणीला हातसुद्धा लावला नाही. कोपरीच्या डाव्या खिशात खडे भरले, डोळ्यांवर हात धरला आणि ओठ हलवत मोजायला लागला. वीस झाले की एक खडा उजव्या खिशात. पक्षी इकडचे तिकडे झाले तरी त्याचं काही अडत नव्हतं. सुभान श्वास रोखून खडे मोजत होता. दहावा गेला. अकरावा गेला. आणि हरिबाने हात खाली घेतला.

"अकरा इसा आन् सात."

"दोनशे सत्तावीस," बाळासो म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, पण उसाचा विचार करून तो ते सहन करत होता.

हरिबा चुकला म्हणावं तर वाडीत कुणी पाणी विचारणार नाही. न म्हणावं तर तळ्यात पाणी राहणार नाही. त्याने दुर्बीण लावली. सगळे होते तिथंच होते.

"हरिबा," त्याने जपून विचारलं, "त्या बाभळीखाली मातकट रंगाचे हायेत, ते कुठल्या इसात धरलेस?"

"कुठल्याच न्हाई."

"का?"

"पोरं हायेत ती. औंदाची. रंग तरी आलाय का अंगावर?" हरिबाला सुभानच्या अज्ञानाची कीव आली. "पहिली कातरणी झाल्याबिगर कोकरू कळपात धरत न्हाईत."

"आरं, पण पाखराची कातरणी कोण करणार हाय?"

"ते मला काय ठावं? मला मोज म्हटलं, मी मोजलं."

बाळासोचा बापही मेंढकाच. त्याने मान डोलावली. "आबा म्हणतात ते खरं हाय, मामा. कोकरू धरत न्हाईत. रीत हाय."

आता रीतच आडवी आली म्हटल्यावर सुभान मटकन खाली बसला. "धरू नका," तो म्हणाला. "पण सोमवारी पाणी गेलं, तर ती पोरंबी जाणार. त्यांना कुठं ठावं, आपल्याला धरलं न्हाई म्हणून."

हरिबा हातातला खडा चोळत थांबला.

"बाळासो, ही मोजणी कशापायी चाललीय?"

"पाण्यापायी. सांगितलं की."

"कवा सांगितलंस? तू म्हणलास, आबा, तळ्यावर या आन् पाखरं मोजा. मी समजलो, शेतात मेंढरं बसवायची मोजणी. खतासाठी. कोकराच्या लेंडीनं काय रान पिकतंय, म्हणून सोडली." हरिबा बोलताना आवाज कधी चढवायचा नाही. "दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी मागायला गेलं, की माझा बाप पोटातलं कोकरूसुद्धा धरून आकडा सांगायचा. पाण्याला तोंडं मोजत्यात. तुझा बाप काय करायचा?"

बाळासो उसाकडे बघत राहिला. बाप काय करायचा हे त्याला चांगलंच माहीत होतं.

"मोजा," तो शेवटी म्हणाला.

पिलांचे चार खडे झाले आणि वर एक उरलं.

"तीनशे आठ," हरिबा म्हणाला. "सुभान, चार तू वाढवलेस."

"हलत होती रं ती," सुभान म्हणाला.

बाळासोने थोडा वेळ बेरीज पुन्हा तपासली, ती तीच निघाली, मग चप्पल झटकून तो बांधावरून खाली उतरला. सगळ्यात पुढची मोटार त्याची स्वतःचीच होती. पेटीचं झाकण उघडून त्याने तिचे फ्यूज काढले, खिशात टाकले आणि शेजारच्या मोटारीकडे वळला. तिचा मालक उसातून ओरडत बाहेर आला, तेव्हा बाळासो त्याला लांबूनच सांगत होता, "आधी तोंडं मोज, मग बोल."

बाभळीखालचं एक मातकट पिलू अंग झाडत मोठ्यांच्या घोळक्यात शिरलं आणि माना खाली घालून उभ्या असलेल्या सगळ्यांसारखं तेही चिखलात चोच फिरवायला लागलं.