बारा घाव

लिंडसे क्रॅडकच्या गादीची हौशी वैमानिकांच्या क्लबात टिंगल व्हायची, आणि टिंगल करणारेच तिच्यावर क्षणभर आडवं होऊन बघायला यायचे. चार इंच फोम, त्यावर मेंढीचं कातडं, त्यावर घरच्या पलंगावरची खरी चादर. विमानात चढवायच्या प्रत्येक डब्याचं वजन करणारा हा माणूस गादीला जागा व्हावी म्हणून एक बॅग घरी ठेवून यायचा, आणि ती बॅग नेमकी त्याच्या बायकोची, रेलीनची असायची.

"माझे कपडे राहिले तरी चालतील," रेलीन सगळ्यांना सांगे, "पण याची पाठ धरली की तीन दिवस कण्हणं मला ऐकावं लागतं."

दर ऑगस्टात, तिकडच्या कोरड्या हिवाळ्यात, वेरापुंगाच्या गुरांच्या रानात, लाल मातीच्या धावपट्टीशेजारी, क्लबाचा मेळावा भरतो. तीस-चाळीस लहान विमानं येतात, रांगेत उभी राहतात, आणि ज्याच्या त्याच्या पंखाखाली ज्याचा त्याचा तंबू. शेवटच्या संध्याकाळी लोकर कातरायच्या शेडमध्ये जेवण आणि बक्षिसं. सगळ्यात लांबून आलेल्याला एक, सगळ्यात वाईट उतरलेल्याला एक, आणि सगळ्यात सुखात झोपलेल्याला एक जुनी, डागाळलेली उशी. उशी घेणाऱ्यानं आपल्या झोपेचं गुपित सर्वांसमक्ष सांगायचं, असा रिवाज. लिंडसेनं ती दोनदा पटकावली होती आणि दोन्ही वेळा फोमवर पंधरा मिनिटं बोलला होता.

शिवाय क्लबाचा सुरक्षा अधिकारीही तोच. विमान नीट बांधल्याशिवाय स्वतःचे बूट काढू नका, तीन दोर, तीन मेखा, दोन पंखांना आणि एक शेपटीला, मेख जमिनीत पुरती गेली पाहिजे, हे तो दरवर्षी पहिल्या दिवशी चहाच्या टेबलाशी उभा राहून सांगे. लोक ऐकत आणि बिस्किटं खात.

या वर्षी त्याच्या शेजारी नोला पेटिफर उतरली. वय एकोणऐंशी, अंगानं काडी, आणि विमान तिच्यासारखंच हलकं. ते तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, सेसनं, अकरा वर्षं खपून घरामागच्या शेडमध्ये बांधलं होतं. सेस जाऊन सहा वर्षं झाली. म्हातारी एकटीच उडत येई, एकटीच मेखा ठोके. मदत करू का विचारलं की म्हणे, "तू तुझी गादी सांभाळ, पोरा." एकसष्ट वर्षांच्या लिंडसेला पोरा म्हणणारी क्लबात तेवढी एकच उरली होती. ठोकताना ती मोठ्यानं मोजायची. प्रत्येक मेखेला बारा घाव. सेसची शिस्त होती ती, आणि लिंडसेनं शुक्रवारी दुपारी तंबू उभारता उभारता तिन्ही मेखांचे बारा-बारा आपल्या कानांनी ऐकले होते.

तंबू झाला, गादी पसरली, तो पाठ टेकवून बघायला आडवा झाला आणि कळवळला. नेमका कंबरेखाली उंचवटा. मातीत दगड होता, निघेना. तंबू हातभर बाजूला सरकवला की काम होत होतं, पण तिथं नोलाच्या पंखाची मेख उभी होती. रेलीन अंघोळीच्या रांगेत होती, नोलाही तिथंच. वारा म्हणाल तर पानसुद्धा हलत नव्हतं.

लिंडसेनं ती मेख उपटली. सहजी येईना, दोन्ही हात लावावे लागले. दोर सोडायची गरज पडली नाही. तशीच ती दोन हात पलीकडे, नोलाच्या विमानाच्या बाजूला, जुन्या चाकोरीतल्या भुसभुशीत मातीत खोचली आणि टाचेनं दाबली. हातोडी गार्थनं, म्हणजे क्लबाच्या अध्यक्षानं, मागून नेली होती. आली की ठोकू, नोलाला सांगूही, असं त्यानं मनाशी म्हटलं आणि तंबू सरकवला. मग कुणीतरी बिअर घेऊन आलं, मग शेकोटी पेटली, आणि मेख त्याच्या डोक्यातून साफ गेली.

शनिवारी सकाळी नोलानं चहाचा मग त्याच्या हातात दिला. "झोप लागली का रे?"

"घोडे विकून झोपलो," लिंडसे म्हणाला.

दुपारी सगळे शेडच्या सावलीत सॉसेज-पाव खात बसलेले असताना वावटळ उठली. त्या रानात दिवसाला चार उठतात, लाल धुळीचा खांब गरगरत येतो आणि कुंपणापाशी विरून जातो. ही विरली नाही. रांगेतून आली. बाकीची विमानं जागच्या जागी थरथरली, नोलाचं मात्र एका बाजूनं उचललं गेलं, गिरकी घेऊन कलंडलं आणि दुसरा पंख जमिनीवर आपटला. लाकूड मोडल्याचा आवाज शेडपर्यंत आला. मग धूळ पुढं गेली आणि सगळं पुन्हा शांत झालं.

लोक धावले. दुखापत कुणालाच नव्हती. मोडलेल्या पंखाच्या फासळ्या कापडातून बाहेर आल्या होत्या. आणि उचललेल्या बाजूला दोर, दोराला नोलाची पक्की गाठ, आणि गाठीला नुसती लटकलेली मेख. चाकोरीत बोटभर खोल भोक.

सगळ्यांनी ते भोक पाहिलं आणि मग नोलाकडे पाहिलं नाही.

लिंडसेच्या तोंडात सॉसेजचा घास तसाच होता. आत्ता बोल, असं त्याचं मन म्हणालं. आत्ता बोललास तर नुसता मूर्ख ठरशील. त्यानं घास गिळला, आणि ती वेळ गेली.

"मी बारा घातले होते," नोला म्हणाली. ती मेखेकडे बघत होती. "बारा घातले होते ना मी?"

गार्थनं लिंडसेला बाजूला घेतलं. "तूच बोल रे तिच्याशी. सुरक्षा तुझ्याकडे आहे. हळूच सांग. वय झालं की होतं असं, यात लाज कसली म्हणावं."

"मी?"

"मग कोण? माझ्या तोंडून बरं दिसेल का? तुला ती मानते."

लिंडसे तिच्याकडे गेला तो खरं सांगायचं ठरवूनच गेला होता, निदान नंतर त्यानं स्वतःची तशी समजूत घातली. नोला घडीच्या खुर्चीत बसली होती. त्यानं तोंड उघडायच्या आत तिनंच सुरुवात केली.

"पंखाचं काही नाही रे. पंख होईल. मला मोजलेलं आठवतंय, त्याची भीती वाटते. एक, दोन, तीन, बारापर्यंत. स्वच्छ आठवतंय. आणि घातलेले तर नाहीत." तिनं चष्मा पुसला. "आमच्या आयरिसचं असंच झालं. माझी बहीण. गॅस बंद केल्याचं तिला स्वच्छ आठवायचं. शेवटी शेवटी तर मी कोण तेही विचारायची."

"नोला, तुम्हाला तसं काही... जमीन भुसभुशीत होती तिथं."

हे त्यानं म्हटलं. सुरक्षा अधिकाऱ्यानं! जमिनीच्या माथी मारलं.

"म्हणजे तेही मला दिसलं नाही," नोला म्हणाली. मग तिनं खिशातून विमानाची किल्ली काढली. सेसनं कोरलेला लाकडी मासा होता तिला. "सेस म्हणायचा, ज्या दिवशी मेख सुटेल त्या दिवशी किल्ली दुसऱ्याला द्यायची. ठेव तुझ्याकडे. मुलीला कळवते, ती खूशच होईल. मला जाताना तुमच्या मागच्या सीटवर घेऊन चल."

त्यानं किल्ली घेतली. का घेतली, हे तो पुढं कित्येक महिने स्वतःला विचारत राहिला. ती देत होती आणि त्यानं हात पुढं केला, एवढंच.

त्या रात्री त्या नामी गादीवर त्याला डोळा लागला नाही. रविवारी सकाळी रेलीननं गादी वाळायला बाहेर काढली, तंबूतल्या कापडावरून हात फिरवला आणि थांबली.

"इथं खाली भोक आहे."

"सशाचं असेल."

"एवढं बारीक? अंगठा जाईल एवढं?" ती गुडघ्यांवर बसून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं तंबूच्या दारातून नोलाच्या विमानाकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, आणि पुन्हा नवऱ्याकडे. छत्तीस वर्षांचा संसार, तिला आणखी सांगायला कशाला लागतंय. "लिंडसे," ती म्हणाली, "ती बाई सकाळपासून तीनदा मला विचारून गेली, आज वार कुठला. माहीत असून विचारते. स्वतःची परीक्षा घेते."

तो बुटाचे बंद बांधू लागला.

"मी नाही सांगणार कुणाला," रेलीन म्हणाली. "ते सांगणं माझं नाही. पण तिच्या शेजारी बसून मला घरापर्यंत जायचंय, एवढं लक्षात ठेव." आणि गादी तिथंच धुळीत टाकून निघून गेली.

दिवसभरात लिंडसे चारदा नोलाच्या खुर्चीपर्यंत गेला. एकदा ती झोपली होती. एकदा तिच्याजवळ माणसं होती. दोनदा कुणीच नव्हतं आणि ती जागी होती, आणि त्यानं पाणी हवं का विचारलं. लाज अशी की गाठीशी जेवढी जास्त वेळ ठेवावी तेवढी सोडवायला अवघड. काल पाच शब्दांत सुटली असती. आज त्यात किल्ली होती, आयरिस होती, आणि आज वार कुठला हेही होतं.

संध्याकाळी शेडमध्ये मेंढीचं भाजलेलं मांस, बटाटे, भोपळा. लोकरीच्या तेलाचा वास. नोला पुढच्या बाकावर, सेसच्या जुन्या स्वेटरमध्ये. सगळे तिच्याशी जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलत होते, बहिऱ्याशी बोलावं तसं. कालपर्यंत याच लोकांनी तिच्याकडून शिव्या खाल्ल्या होत्या. आज ती सगळ्यांना "हो बाळा" म्हणत होती. लिंडसेच्या खिशातला मासा त्याच्या मांडीला टोचत होता.

गार्थनं बक्षिसं सुरू केली. लांबचा, वाईट उतरलेला, आणि मग त्यानं बाकाखालून उशी काढली.

"तिसऱ्यांदा! दुसरं कोण असणार? चला क्रॅडकमहाराज, पुढं या. शनिवारी सकाळी अर्ध्या रांगेला यांचं घोरणं ऐकू येत होतं. सांगा बघू गुपित. या वर्षी कसली गादी?"

टाळ्या पडल्या. नोलानंही वाजवल्या. लिंडसे पुढं गेला, गार्थनं उशी त्याच्या पोटावर टेकवली. रेलीन ताटाकडे बघत होती.

"गुपित," लिंडसे म्हणाला आणि त्यानं उशी दोन्ही हातांनी धरली. कुणीतरी हसलं. "माझ्या गादीखाली उंचवटा होता. तंबू सरकवायचा होता. मध्ये नोलाची मेख होती. ती मी उपटली."

शेडमध्ये कुणीतरी काटा ताटात ठेवला.

"उपटली आणि चाकोरीत खोचली. टाचेनं. ठोकली नाही. सांगितलं नाही. काल सांगितलं नाही, आज दिवसभर सांगितलं नाही. जमीन भुसभुशीत होती म्हणालो. तिथं मीच लावली होती. जुनं भोक माझ्या तंबूखाली आहे, ज्याला बघायचं त्यानं जाऊन बघा. पंखाचं जे असेल ते मी करीन, पण मी ते म्हणत नाहीये. मी..." पंधरा मिनिटं फोमवर बोलणारा माणूस उशी धरून उभा राहिला.

नोला उठली. बाकाला धरून उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आता कानाखाली बसणार असं सगळ्यांना वाटलं, आणि बसती तर लिंडसेला बरं वाटलं असतं.

"उपटताना सहज आली?" तिनं विचारलं.

"नाही. दोन्ही हात लावावे लागले."

"बारा होते?"

"बारा होते. मी मोजलेले ऐकले होते, नोला. तिन्ही मेखांना."

म्हातारीचा चेहरा असा उजळला की त्याला बघवेना. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसत होती. वळून साऱ्या शेडला ओरडून म्हणाली, "बारा होते! ऐकलंत का गाढवांनो? बारा होते!"

लोक उठले, तिच्याभोवती जमले, कुणी तिला मिठीत घेतलं. ती पुन्हा शिव्या देऊ लागली. मग त्या गर्दीतूनच तिचा हात बाहेर आला, तळवा वर करून, लिंडसेसमोर. त्यानं मासा त्यावर ठेवला. मूठ मिटली आणि हात परत गेला. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

तो उशी गार्थला परत देऊ लागला.

"नको," गार्थ म्हणाला. "ती आता तुझीच."

सगळे पुन्हा बसले तेव्हा रेलीननं आपल्या बाकावर त्याच्यासाठी जागा केली नव्हती. ती नोलाशेजारी जाऊन बसली होती. लिंडसे उशी काखेत धरून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, आणि त्याला वाट देण्यासाठी प्रत्येकानं आपापली खुर्ची थोडी सरकवली.