मागची रेष

पडद्यावर दिवसभर दोन रेषा सरकत असायच्या. पुढची रेष इंजिनातून नुकत्याच सुटलेल्या धुराची, अंगात आल्यासारखी वरखाली नाचणारी. मागची, तोच धूर पोळ्यातून पार झाल्यावरची, शांत आणि सरळ. पोळं म्हणजे कॅटॅलिस्ट, बारीक भोकांची चिनीमातीची वीट, धुरातलं विष जागच्या जागी जिरवणारी. तिला 'पोळं' हे नाव मेकॅनिकने दिलं होतं, आणि त्याच्या हातांकडे बघून सगळे त्याला 'काजळी' म्हणायचे. पोळं मेलं, की मागची रेष पुढचीची नक्कल करायला लागते. तेवढ्यावर नजर ठेवायला प्रयोगशाळेत बाई होत्या.

हे पोळं आठशे तास टिकलं, तर शुक्रवारी त्याला प्रमाणपत्र मिळणार होतं आणि तसली दोनशे पोळी शहरातल्या बसना लागणार होती. घड्याळात आठशे छप्पन्न तास झाले होते.

बाईंचा नवरा जाऊन दीड महिना झाला होता. बाई रडल्या नव्हत्या. नणंद रोज दुपारी फोन करायची.

"वहिनी, एकदा रडून घे गं. मोकळं वाटेल."

"हो, घेते हं," बाई म्हणायच्या. जणू सामानाच्या यादीतलं काहीतरी आणायचं राहिलंय.

कामाचा एक नियम होता. रोज सकाळी दहा सेकंद इंधन तोडायचं. इंजिन गप्प होतं, मोटर त्याला नुसतं फिरवत राहते, नळीतून निव्वळ हवा जाते आणि मागची रेष धाडकन खाली येते. ती आली, म्हणजे ती रेष काढणारा मागचा सेन्सर जिवंत. मग रजिस्टरात 'तपासली' लिहून सही करायची.

बाईंनी नऊ दिवस सही केली होती. इंधन एकदाही तोडलं नव्हतं.

"बाई, मागची रेष फारच सज्जन झालीय," काजळी चहाचा कप घेऊन मागे उभा राहिला. "इतक्या दिवसांत साधी जांभईसुद्धा नाही?"

"चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं! आमची सासू इतकी गप्प बसली तर मी डॉक्टरला बोलावीन."

बाईंनी इंधन तोडायचं बटण दाबलं. इंजिन गप्प झालं. दहा सेकंद गेले. रेष जागची हलली नाही.

काजळी इंजिनाच्या खोलीत जाऊन आला. मागच्या सेन्सरची वायर तापलेल्या नळीला चिकटून वितळली होती. त्याने नवा सेन्सर लावला, आणि मागची रेष पुढचीच्या तालावर नाचायला लागली.

"मेलंय," बाई म्हणाल्या.

"आज मेलं." काजळीने दार ओढून घेतलं. "आज मेलं म्हणा, बाई. आठशे होऊन गेलेत. पास आहे ते. मी काही बघितलं नाही."

"आणि नऊ दिवसांपूर्वी, सहाशे चाळीसलाच मेलं असेल तर?"

"कुणाला कळणारंय?"

"कुणालाच नाही. मलासुद्धा." बाईंनी रजिस्टर काखेत मारलं. "तेच तर."

प्रयोगशाळेच्या साहेबांनी नऊ सह्यांवरून बोट फिरवलं. "वीस वर्षांत तुमच्याकडून कधी असं झालं नाही. का नाही तोडलं इंधन?"

"त्या दहा सेकंदांत फार शांत होतं, साहेब. घरी आहे तेवढी शांतता पुरे झाली."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "चार दिवस सुट्टी घ्या."

"घरी नको."

"मग नवं पोळं लावा. तास शून्यापासून. यापुढे सही दोघांची. आणि मी वर काय सांगू, ते तुम्हीच लिहून द्या."

बाईंनी लिहून दिलं. नऊही तारखा, एकेका ओळीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं पोळं तापलं, रेष शांत झाली. काजळीने बटणाकडे हात नेला.

"राहू दे. मी तोडते."

इंजिन गप्प झालं. ती शांतता खोलीभर पसरायच्या आतच काजळी ओरडायला लागला, "एक! दोन! तीन!", भाजीबाजारात भाव पुकारावा तसा. पलीकडच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं. त्याने पर्वा केली नाही. तीनला रेष कोसळली, तरी गडी दहापर्यंत थांबेना.

बाईंच्या डोळ्यांत काही आलं नाही. त्यांनी रजिस्टरात 'तपासली' लिहिलं, सही केली आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

"उद्या जरा हळू मोज," त्या म्हणाल्या. "पण मोज."