मधल्या दाराची कडी

सुनेनं मधल्या दाराला तिच्या बाजूनं कडी लावायचं ठरवलं, तेव्हापासून फोरमन तिच्याशी धड बोलत नव्हते. तसे आधीही फार धड बोलत होते असं नाही.

फोरमन म्हणजे तिचे सासरे. कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना जमाना लोटला होता, पण जिन्यातले शेजारी, वॉचमन, दूधवाला सगळे त्यांना फोरमनच म्हणत. त्यांनाही ते आवडे. फोरमन म्हटलं की समोरचा आपोआप हाताखालचा ठरतो.

एकाच मजल्यावर शेजारशेजारची दोन घरं होती. एकात फोरमन एकटे, दुसऱ्यात मुलगा आणि सून. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा फोरमननी मधल्या काँक्रीटच्या भिंतीत स्वतःच्या ड्रिल मशीननं भोकाला भोक लावत दारापुरती वाट पाडली, लाकडी चौकट न घालता बिजागऱ्या थेट काँक्रीटमध्ये ठोकल्या आणि दार टांगलं. त्यांची बायको होती तोवर तीच त्या दारातून पलीकडे जायची, तेही आधी टकटक करून. ती गेली आणि फोरमन जाऊ लागले. टकटक वगैरे भानगड त्यांच्याकडे नव्हती. टाकी भरली का बघायला, गॅस बंद आहे का बघायला, दिवा उगाच जळतोय का बघायला, असे ते दिवसभर जात. खरी गोष्ट अशी की आपल्या घरात त्यांना बघायला काही उरलं नव्हतं आणि संध्याकाळ झाली की ते घर त्यांना खायला उठे. पण हे ते मेले तरी कबूल करणार नव्हते. कामासाठी जातो, असंच ते स्वतःलाही सांगत.

सून हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. रात्रपाळी करून आली की दिवसा झोपायची. एकदा अशीच झोपलेली असताना तिला जाग आली, तर पलंगाला लावून स्टूल, स्टुलावर सासरे आणि सासऱ्यांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर. ती किंचाळली. फोरमन दचकून पडता पडता वाचले आणि वरून तिलाच बोलले.

"ओरडतेस काय? ट्यूब लपलप करत होती, स्टार्टर बदलतोय."

"मी झोपलेय बाबा!"

"मग झोप की. मी कुठे तुला स्टूल धरायला सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं, की मधल्या दाराला कडी बसणार.

"घरातल्या घरात कड्या?" फोरमन कडाडले. "मी काय चोर आहे?"

"चोर परवडला. तो निदान घरात कोणी नाही ना, हे बघून तरी येतो."

फोरमननी तडक मुलाला फोन लावला. मुलगा फिरतीच्या नोकरीत होता आणि घरातल्या भांडणाच्या बाबतीत तर कायमचाच फिरतीवर. "बाबा, मी रेंजमध्ये नाहीये," असं तो अगदी स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला आणि फोन ठेवला.

सून ड्रिल मशीन घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात निघाली. बोलावलं नव्हतं तरी फोरमन मागोमाग गेले. कडी अडवता येत नसेल तर निदान खरेदीत तरी नाक खुपसावं, एवढाच हेतू.

"कशासाठी पाहिजे, ताई?" दुकानदारानं विचारलं.

"दाराला कडी लावायचीय. पुढे मग फळ्या, पडद्याचे दांडे, घरातलंच काहीबाही."

"मग बॅटरीचं घ्या. हातात हलकं, वायरची कटकट नाही, स्टुलावर चढलात तरी पायात काही अडकत नाही. घरकामाला हेच बरं."

"भिंत कसली आहे, विचारलंत?" मागून फोरमन.

"कसली आहे?"

"काँक्रीट."

दुकानदार थबकला. "काँक्रीट म्हणजे... मग वायरचं बरं. बॅटरीत जोरदार येतात, पण ती जड. हे हलकं लाकडाला, विटांच्या भिंतीला झकास. काँक्रीटमध्ये दमवेल."

"ऐकलंस?" फोरमन फुशारले. "जरा जोर लागला की बॅटरीचा जीव जातो. दोन भोकं मारा आणि चार्जरला लावून बसा देवाचं नाव घेत. माझं मशीन बघ. मुलगा चालायला लागला त्या वर्षी घेतलंय. आजही भिंतीला लावलं तर भिंत गयावया करते. त्यालाच वायर म्हणतात. मागे वीज आहे तोवर मशीन हटत नाही."

"आणि वायर लावायची कुठे?" सुनेनं विचारलं.

"कुठे म्हणजे? माझ्या हॉलमध्ये दाराशेजारी पॉवर पॉइंट काय शोभेला बसवलाय?"

"म्हणूनच बॅटरीचं," ती म्हणाली. "तुम्हाला बाहेर ठेवायची कडी मी तुमच्याच प्लगवर लावू? मशीन चालू असताना बटण बंद करायला कितीसा वेळ लागतो तुम्हाला?"

दुकानदार एकदम गल्ल्यात काहीतरी शोधू लागला. गिऱ्हाइकाचं घरचं भांडण काउंटरवर येऊन पडलं की दुकानदारांचं गल्ल्यात नेहमीच काहीतरी हरवतं.

फोरमनचे कान लाल झाले, कारण बटण बंद करायचा विचार त्यांच्या मनात खरोखरच येऊन गेला होता. सुनेनं बॅटरीचं मशीन घेतलं, काँक्रीटला भोक पाडायचं एक बिट घेतलं आणि ॲल्युमिनियमची एक सरकती कडी घेतली. कडी बघून फोरमननी नाक मुरडलं, पण गप्प राहिले. वाईट माल शत्रूनं घेतला तर आपण का अडवावं?

रविवारी सकाळी तिनं काम काढलं. दार सताड उघडं होतं. ती तिच्या बाजूला गुडघ्यावर बसली होती. फोरमननी आपल्या बाजूला खुर्ची दाराकडे तोंड करून मांडली, चहाचा कप हातात घेतला आणि नाटकाला बसावं तसे बसले.

दारावर कडी बसायला वेळ लागला नाही. लाकूडच ते. बॅटरीच्या मशीननं लोण्यात सुरी जावी तसे स्क्रू आत घातले आणि सुनेनं एकदा मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं. फोरमन चहात बघत होते. पण कडी सरकून जिथे अडकायची, ती पट्टी भिंतीत बसवायची होती. तिथे चार भोकं हवी होती आणि तिथे काँक्रीट होतं.

बिट भिंतीला लागलं, चिरचिर आवाज झाला, चिमूटभर भुकटी पडली आणि बिट जागच्या जागी फिरत राहिलं.

"खडी लागली," फोरमन म्हणाले.

तिनं अंगाचा भार टाकला. बिट सटकलं आणि भिंतीवर वेडावाकडा ओरखडा उठला.

"काय कठीण भिंत आहे!" ती स्वतःशीच म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. मी माझ्या घरात माझ्या खुर्चीवर बसून बोलतोय. त्यालाही कडी लाव."

ती पुन्हा भिडली. घाम डोळ्यांत उतरला. कसंबसं एक भोक नखभर खोल गेलं, तेही तिरकं. मग मशीनचा आवाज बसत बसत गेला आणि बंद पडला. फोरमननी कप खाली ठेवला. त्यांना इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांनी खोकून घेतलं.

"गेली का बॅटरी? अरेरे. आता ते चार्जरवर आणि आपण वाऱ्यावर."

सून भिंतीला पाठ टेकून बसली. केसांत सिमेंट, हाताला फोड. ती भांडेल असं फोरमनना वाटत होतं. उत्तरही तयार होतं, जिभेवरच होतं. पण रात्रपाळ्यांनी शिणलेल्या त्या बाईच्या अंगात भांडायचं त्राणच उरलं नव्हतं.

"मानलं बाबा," ती म्हणाली. "तुमचं मशीन खरंच भारी असणार. या भिंतीत अख्खं दार पाडलंत तुम्ही. मला एक भोक जमेना."

बायको गेल्यापासून या घरात फोरमनना कोणी 'मानलं' म्हटलं नव्हतं. मुलगा 'हो हो' म्हणायचा, शेजारी 'काय फोरमन' म्हणायचे. तो एक शब्द त्यांच्या डोक्यात असा चढला, की ते खुर्चीतून कधी उठले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. शत्रूनं शस्त्र टाकलं की शहाणा माणूस घरी जातो. फोरमन मशीन आणायला गेले.

"सरक," ते म्हणाले. "भोक कसं मारतात बघ."

लोखंडी पेटी उघडली, मशीन निघालं, वायर उलगडली, प्लग त्यांच्या हॉलमधल्या पॉवर पॉइंटला बसला आणि वायर उंबऱ्यावरून सुनेच्या बाजूला आली. त्यांनी तिची खूण पुसून टाकली.

"ही सूतभर खाली आहे. कडी घासत बसली असती जन्मभर."

त्यांनी पेन्सिलीनं नवी खूण केली, लेव्हल लावून तपासली आणि तिला खाली कागद धरायला लावलं. मग मशीन गर्जलं. कप्प्यातल्या ताटल्या किणकिणल्या, खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं आणि बिट काँक्रीटमध्ये सरळ, न थरथरता शिरलं. सून कागद धरून होती. भुकटी नेमकी त्यात पडत होती. "डावीकडे," ते म्हणाले की ती डावीकडे सरकत होती. "फुंकर," म्हणाले की भोकात फुंकर मारत होती. लग्न होऊन ती या घरात आल्यापासून दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम, आणि ते सुरेख चाललं होतं. फोरमनना वाटलं, ही पोरगी कारखान्यात माझ्या हाताखाली असती तर तयार झाली असती.

चारही भोकं झाली. फोरमननी पट्टी लावून बघितली, मग दारावरची कडी हातात धरून हलवली आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"हे काय आणलंयस? हे ॲल्युमिनियम आहे. धक्का दिला की केळ्यासारखं वाकेल. मग काय उपयोग कडी लावून?"

त्यांनी पेटीच्या तळातून अंगठ्याएवढ्या जाडीची पोलादी कडी काढली. कारखान्यातल्या जुन्या शटरची होती ती, वर्षानुवर्षं तेलाच्या फडक्यात जपलेली. दारावरची कडी त्यांनी उतरवली, ही चढवली. हिची पट्टी मोठी, म्हणून दोन भोकं रुंद केली, स्क्रू आवळले, तेलाचा थेंब सोडला. दार लोटून कडी सरकवून बघणार, तर मध्ये त्यांचीच वायर. तेव्हा त्यांनी कडी उघड्या दारावरच मागेपुढे केली. कुठे अडकली नाही, कुठे खडखडली नाही.

"घे!" ते सुनेला म्हणाले. छाती फुगली होती. "आता पलीकडून हत्ती आला तरी हे दार उघडायचा नाही!"

आणि पलीकडे कोण राहतं, हे त्यांना आठवलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मशीन अजून गरम होतं, आणि ते हातात धरून फोरमन भिंतीवर सरळसोट बसलेल्या त्या पट्टीकडे बघत होते. पट्टी उचकटून काढावी असं एक क्षण मनात आलं. पण सून बघत होती, आणि स्वतःच्या हातचं इतकं नेटकं काम मोडायचं त्यांच्यानं होईना.

"छान झालं बाबा," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना उपहास होता ना माया. कामगार काम संपल्यावर बोलतो तशी ती बोलली. "तुमची वायर तेवढी घ्या. दार लागत नाहीये."

"चहा टाकतेस का?" फोरमननी विचारलं. मशीन त्यांनी खाली ठेवलं नव्हतं.

"मी आता झोपणार आहे. रात्री ड्युटी आहे."

"थोडं झाडून घेतो. भुकटी पडलीय."

"सगळी कागदात आहे. मीच धरला होता की." तिनं कागदाची घडी केली. "जा बाबा. प्लग काढा."

प्लग त्यांच्या बाजूला होता. फोरमन मशीन घेऊन उंबरा ओलांडून आपल्या हॉलमध्ये आले, वाकले आणि त्यांनी प्लग ओढला. वायर सरसर सरकत अलीकडे आली. मागे दार लागलं. मग कडी सरकली. आवाज असा नाहीच, तेल त्यांनीच सोडलं होतं.

ते दाराशी आले. आधी तळव्यानं ढकललं, मग खांद्यानं. दार सूतभरही हललं नाही. बाहेर कुत्र्याचं भुंकणं थांबलं होतं आणि अख्खी संध्याकाळ अजून यायची होती. त्यांना भीती वाटली. कारखान्यात बॉयलरशेजारी उभं राहूनही वाटली नव्हती, तशी साधी, लहान पोरासारखी भीती वाटली. त्यांनी बोटं आखडली आणि या घरात जन्मात पहिल्यांदा दारावर टकटक केली.

"काय बाबा?" पलीकडून सुनेचा आवाज आला. कडी हलली नाही. "काही काम होतं का?"

फोरमन काम शोधू लागले. ट्यूब त्यांनी नीट केली होती. टाकी सकाळीच भरली होती. गॅस, दिवे, नळ, सगळं त्यांनी या ना त्या दिवशी जाऊन दुरुस्त करून ठेवलं होतं. कडीही लागली होती.

"बाबा?"

"नाही," फोरमन म्हणाले. "काम काही नाही."

"मग मी झोपते," सून म्हणाली, आणि तिची पावलं आत गेली.