बायनाच्या घरावरची पाटी

घरावर पाटी लागली असती, तर इओलाला दोन गोष्टी मिळणार होत्या. ऐतिहासिक घरं जपून त्यांवर पाटी लावणाऱ्या समितीच्या खर्चाने नवं छप्पर, आणि गुलामगिरीतून सुटलेली पणजी बायना दहा एकरांची मालकीण झाली होती, याचा पितळेवर कोरलेला पुरावा.

समितीला फक्त सगळ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या. बायनाने मृत्युपत्र केलंच नव्हतं. कागद कचेरीत गेला की जमीन गोऱ्यांच्या घशात जाते, म्हणून अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या त्या बेटावर कुणीच ते करत नसे. जमीन सगळ्यांची, आणि राहील त्याने राखायची. इओलाने घरातल्या बायबलमधली जन्मनोंदींची पानं चाळून एक्केचाळीस वारस शोधले आणि प्रत्येकाला पत्र लिहिलं.

डेट्रॉइटहून भाचा रॉस्कोचा फोन आला.

"मावशी, तिथे माझीही जमीन आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही!"

"जमिनीचं राहू दे, सही कर."

"केली की! बेटावर हॉटेल बांधायला जमीन शोधतायत ना, त्या हॉटेलवाल्यांच्या कागदावर. माझाच वाटा विकलाय, तुझ्याला कोण हात लावतंय?"

कायदा लावत होता. एक वाटा घेतला की हॉटेलवाले सगळ्या जमिनीचे भागीदार झाले, आणि भागीदाराला वाटणी मागता येत होती. एक्केचाळीस जणांत वाटे पडेनात म्हणून हॉटेलवाल्यांनी कोर्टाकडून सगळीच जमीन विक्रीला काढली. वारस शोधायचे कष्टही कोर्टाला पडले नाहीत. समितीला दिलेली यादी इओलाच्याच अक्षरात तयार होती.

पाटी लागली, हॉटेलच्या फाटकाशी. पाटीचे पैसे समितीने भरले, जमिनीचे हॉटेलने. इओलाने किंमत म्हणून घर मोजलं, आणि तिच्या हिश्श्याला जे आलं त्यात छप्परसुद्धा झालं नसतं.