गॅरेजचं छत

तपासनिसांनी स्टुलावर चढून आपल्या घराखालच्या गॅरेजच्या छताला तळहात टेकवला आणि लगेच काढून घेतला. स्लॅब गारठून गेला होता. शटरखालच्या फटीतून शिरलेली थंडी आधी इथे साचायची, मग वरच्या खोलीच्या जमिनीत चढायची. त्या खोलीत त्यांची बायको तीन महिने आजारी होती. दिवसातून एकदा ती पलंगावरून उतरून, कुणाचा हात न धरता, खिडकीपर्यंत जायची. आठवडाभर तेही बंद होतं. जमीन पायाला चावते, म्हणायची.

छताला आतून थंडी अडवणारा थर लावायला बोलावलेल्या कारागिराने दोन नमुने पुढे ठेवले.

"ही दगडी लोकर, काका. दगड वितळवून काढलेल्या तंतूंची. हिला आग नाही, ओल नाही. तीस वर्षं वर बघायला नको. फक्त मागवावी लागेल, तीन आठवडे जातील. आणि हा फोम, गाडीतच पडलाय. पण दोन वर्षांत कडा सुटून लोंबायला लागेल. मी तर कुणाला सुचवत नाही."

तपासनिसांनी सवयीने दोन्ही तुकडे उजेडाकडे धरले. उभी नोकरी त्यांनी कारखान्यात बेअरिंग तपासण्यात घालवली होती. केसाएवढी चीर दिसली की अख्खी पेटी परत. 'मलासुद्धा असंच उजेडात धरून पसंत केलंय,' अशी बायको पाहुण्यांसमोर थट्टा करायची.

काल डॉक्टरांनी त्यांना एकट्यालाच बाजूला घेतलं होतं. "किती महिने?" त्यांनी विचारलं होतं. "आठवडे म्हणा," डॉक्टर म्हणाले होते.

"फोम आज लागेल?"

"संध्याकाळपर्यंत लागेल. पण काका, तुमच्यासारख्या चोखंदळ माणसाने..."

"आजच लाव."

ते वर गेले. बायको उशीला टेकून बसली होती.

"काय ठरलं?"

"उत्तम माल आहे. तीस वर्षं बघायला नको," ते चष्मा पुसत म्हणाले.

"अहो, या जमिनीतून नुसती थंडीच वर येते असं वाटलं का तुम्हाला? सगळं ऐकू आलं मला."

त्यांचा चष्मा पुसून होईना.

"फोम घेतलात ते बरं केलंत," ती म्हणाली. "उद्या जाऊन येईन खिडकीपर्यंत. पण ती लोकरही मागवून ठेवा."

"ती कशाला आता?"

"माझ्यामागे तुम्ही या खोलीतून हलणार नाही. ओळखत नाही का मी तुम्हाला? आणि तुमचे पाय तर माझ्याहून गार असतात."

"काहीतरीच बोलतेस," ते चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले.

"जा, सांगून या त्याला. नाहीतर फोम लावून निघून जाईल तो."

खाली कारागीर शिडी लावत होता.

"लोकरही मागव," तपासनीस म्हणाले.

"दोन्ही? मग फोम फुकट जाईल की."

"जाऊ दे. फोम आजच लागायला हवा."

कारागिराने खांदे उडवले आणि खिशातून डायरी काढली.

"बरं. लोकर कधी बसवायला येऊ? दिवस लिहून ठेवतो."

तपासनिसांनी शिडी घट्ट धरली.

"लिहू नकोस," ते अगदी हळू म्हणाले. "मी कळवेन."