दुसरा रकाना

शेखरनं ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडला, तरी भिकानाना वेलीपाशी वाकून पुन्हा मोजतच होते.

"बास करा नाना. म्याडमचं गणित फवारा म्हनतंय, संपलं."

म्याडम म्हणजे हर्षाली, नाशिकच्या कॉलेजात गणित शिकवणारी. वणीजवळच्या शेखरच्या या द्राक्षबागेत तिनं मिलीबग, म्हणजे वेलीचा रस शोषणारी पांढरी कीड, खाणारे मित्रकिडे सोडले होते. दर आठवड्याला पन्नास वेली मोजायच्या. एका रकान्यात मिलीबग, दुसऱ्यात मित्रकिडे. कोण किती वेगानं वाढतंय, यावरून पुढच्या पंधरवड्यात कोण वरचढ ठरेल हे तिचं गणित सांगायचं. आज त्यानं मिलीबगला कौल दिला होता.

तोडणीला अठरा दिवस. फवारावं, तर मण्यांत औषधाचा अंश राहून माल परत येणार. न फवारावं, तर घड चिकट होऊन बागेतच राहणार.

मोजणारे नाना शेखरचे चुलते. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. गर्दीत डोकी मोजावीत तर आपणच, असं ते सांगत. दुसरं कुणी सांगायची वाट न बघता. बायको गेल्यावर घरात मोजायला एकच माणूस उरलं, म्हणून हे काम त्यांनी मागून घेतलं होतं.

"सातव्या वेलीवर एकशे बारा?" हर्षालीनं वही पाहिली. "मागच्या आठवड्यात तीस होते. दाखवा बरं, नाना."

"बघ की. येक बी सोडला नाय." नानांनी सालीचा पापुद्रा उचलला. "हे बारके. हे मोठे. मोठे लय झालेत."

तिनं एका मोठ्याला काडीनं डिवचलं. तो तुरुतुरु पळाला.

"मिलीबग असा पळत नाही, नाना. ही मित्रकिड्याची अळी. दिसते तशीच पांढरी, कापूस लावल्यागत. त्यांच्यातच बसून त्यांना खाते."

नानांना काळे-तांबडे मोठे मित्रकिडे ओळखता येत. त्यांची पिल्लं त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"म्हंजी," ते हळू म्हणाले, "पोलीस मी चोरांत धरले."

तिघांनी पन्नास वेली पुन्हा मोजल्या. शेखर आधी कुरकुरत, मग कुरकुरायचं विसरून. सातव्या वेलीवर एकाहत्तर अळ्या निघाल्या. हर्षालीनं नवे आकडे घातले, मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलं आणि बांधावर बसलीच.

"आठ दिवसांत मिलीबग ओसरतील. फवारलं असतं, तर हिंडणाऱ्या अळ्या आधी मेल्या असत्या आणि सालीतले मिलीबग वाचले असते."

शेखरनं ब्लोअर सोडवला. "वाचलो बा! नाना, एसटीतून किती तिकीटवाल्यांना फुकटे म्हनून उतरवलं असंल तुमी?"

नाना हसले नाहीत. बहुतेक मोजत असावेत.

"नोंद करावी लागेल," हर्षाली म्हणाली. "'मोजणीत चूक' एवढंच लिहिते."

"कुनाची, ते बी लिही ताई. पूर्न नाव."

एक अळी त्यांच्या अंगठ्यावर चढली होती. नानांनी अंगठा खोडाला टेकवला आणि ती उतरेपर्यंत ते वाकून तसेच उभे राहिले.